बलकातली शिदोरी

आम्ही दोघी जावा एकाच प्रयोगशाळेत कामाला. घरात मी थोरली आणि कोंबड्यांच्या खोलीतही मीच थोरली, त्यामुळे धाकटीला दोन्हीकडे माझी बोलणी खावी लागतात.

तिचं सगळं संशोधन एका म्हाताऱ्या कोंबडीवर उभं होतं. आम्ही तिला राणीसाहेब म्हणायचो. तिच्या अँटिबॉडींवर एक वेगळीच खूण होती, आणि ती खूण ज्या जनुकातून येते ते आता फक्त तिच्याकडे उरलं होतं. तेही जोडीतलं एकच, म्हणजे निम्म्याच पिल्लांना मिळायची आशा. अंडी उबवणी यंत्रात असतानाच राणीसाहेब गेल्या. पिल्लांत खूण नसती तर धाकटीची सगळी वर्षं पाण्यात गेली असती.

सहा पिल्लं निघाली, त्यातलं एक लंगडं. धाकटीला कुठला धीर! तिनं लगेच रक्त तपासलं आणि सहाच्या सहा पिल्लांत खूण सापडली. ती नाचायचीच बाकी होती. आमचे साहेब म्हणाले, "मग दोन धट्टीकट्टी ठेवा आणि बाकीची काढून टाका. ते लंगडं आधी. जागा कुठे आहे आपल्याकडे?" ही हो म्हणून मोकळी.

माझं डोकंच फिरलं. "अगं शहाणे, सहाच्या सहा कशी असतील? या अँटिबॉडी पिल्लांच्या नाहीत, आईच्या आहेत. बलकातून आल्यात. तुझं बाळ अजून एकदाही शिंकलं नाही, ते तुझ्याकडून मिळालेल्या ताकदीमुळे, असं सासूबाईंना रोज कोण ऐकवतं?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, मी दोन निवडूनसुद्धा ठेवली हो."

"निवडलीस ना? बाकीची अजून जिवंत आहेत. साहेबांशी मी बोलते."

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण सहाही राहिली.

आता आईची शिदोरी संपेपर्यंत थांबणं भाग होतं. दर आठवड्याला थेंबभर रक्त काढायचं, आणि दर वेळी आकडा खाली आलेला. निवडलेल्या दोघांची खूण पुसली गेली. मग आणखी तिघांची. राहिलं फक्त लंगडं, आणि त्याचाही आकडा तळाला टेकलेला.

त्यातच घरी बाळाला पहिली सर्दी झाली. धाकटी सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आली. "मी दिलेलं संपलं वाटतं, ताई."

"संपू दे. आता त्याचं त्याला करू दे की," मी म्हटलं. एरवी मी इतकी गोड बोलत नाही.

पुढच्या तपासणीत लंगड्याचा आकडा वर गेला होता. धाकटीनं पुन्हा तपासला, मग मला तपासायला लावला. वरच होता. आईनं दिलेलं कमीच होत जातं, वाढत नाही. म्हणजे हे त्याचं स्वतःचं होतं.

"साहेब नि तू आधी काढायला निघाला होतात ना याला?" असं सुनवायला मी तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं. धाकटी तर केव्हाची रडत होती. लंगडं माझ्या मुठीत बसून अंगठ्याला चोची मारत होतं.