मॅलकीने टाकी रंगवली

आमच्या गावात मिस्सा, म्हणजे फादरांची प्रार्थना, घराघरांतून पाळीने होते. सात वर्षांनी पाळी आमची आली आणि माझ्या नवऱ्याच्या, मॅलकीच्या, अंगात रंगारी संचारला. भिंती झाल्या, फाटक झालं, तरी रंग उरला. मग त्याने घरामागची, घर तापवायच्या रॉकेलची टाकी खरवडून हिरवीगार केली. कालच ती काठोकाठ भरून घेतली होती.

आज, मिस्साच्या दिवशी, सकाळी मागे दोरीवरचे कपडे काढायला गेले, तर वासाने डोकंच गरगरलं. टाकीच्या सांध्यातून धार लागलेली आणि ओघळ उतारावरून सरळ शेजारच्या ब्रीजकाकूंच्या विहिरीकडे निघालेला! ऐंशीच्या काकू त्याच विहिरीवर जगतात, नळ त्यांना नको.

"मॅलकी! धाव!"

तो आला आणि सांध्याकडे वाकला. "इथे पिवळी खपली होती गं. मी काढली."

"अरे देवा, तो तुझ्या आईने गळती बुजवायला लावलेला साबण! वीस वर्षं टाकी त्यावर तगली!"

"मला वाटलं, पाखरांची घाण."

तेवढ्यात मिस्साला येणाऱ्यांच्या गाड्या आत शिरल्या. फादर टियर्नींनी उतरताच वास घेतला आणि बाह्या सारल्या. "साबणाची वडी आणा. कोरडी!"

"फादर, तुम्हाला यातलं काय कळतं?" मी म्हणाले.

"बाप रॉकेलचा टँकर चालवायचा माझा. आणा लवकर!"

फादर गुडघ्यांवर बसून साबण घासू लागले. कोटातली माणसं फावडी घेऊन चर खणायला पळाली. ब्रीजकाकू स्वतः चुलीसाठी साठवलेल्या पीटचा, दलदलीतल्या वाळक्या मातीचा, भुगा पोत्याने आणून चरात ओतत होत्या आणि मॅलकीला शिव्या घालत होत्या. शेवटी धार थांबली, भुग्याने रॉकेल पिऊन टाकलं. ओघळ विहिरीच्या चार पावलं अलीकडे अडला.

मिस्सा मेणबत्त्यांविना झाली. फादरांच्या रॉकेलने माखलेल्या हाताजवळ काडी ओढायची कुणाची छाती नव्हती.

मग काकूंनी विहिरीची बादली काढली, हुंगली आणि त्या सगळ्यांदेखत पेलाभर पाणी प्यायल्या.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

केवढा जल्लोष झाला!

"काकू, माफ करा," मॅलकी पुटपुटला.

"तेव्हा तुझ्या आईला ती साबणाची वडी मीच नेऊन दिली होती, गाढवा. अंघोळीची, नवी कोरी. पुन्हा टाकीला ब्रश लावलास तर हात मोडीन. आता चहा टाका, याच पाण्याचा."

मी आधण ठेवलं आणि मला रडूच फुटलं.