दुपारी बारापासून लागू

सुल्मा होफ्रेने अर्जेंटिनात, मेन्दोसातल्या एका वर्तमानपत्रात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने आयुष्यातली पहिली गाडी घेतली, तेव्हा विम्याच्या जाहिरातींकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दोन कंपन्यांच्या अख्ख्या पॉलिसी मागवल्या आणि स्वयंपाकघरात माते हा तिकडचा कडवट चहा पीत तीन दिवस ओळ न् ओळ वाचून काढली.

"अगं, लोक लग्न करतानासुद्धा एवढा विचार करत नाहीत," धाकटी बहीण निल्दा वैतागून म्हणाली.

"दिसतंय ना तुझ्याकडे बघून."

पहिल्या कंपनीच्या पॉलिसीचं नाव होतं 'संपूर्ण संरक्षण'. आठव्या पानावर मात्र बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गारपिटीची भरपाई गाडीच्या किमतीच्या विसाव्या हिश्श्यापर्यंतच मिळेल आणि काचा त्यात धरल्या जाणार नाहीत. आणि हे मेन्दोसात, जिथे द्राक्षबागांनाही गारांसाठी जाळ्या बांधतात. दुसरीचं नाव साधंच होतं आणि हप्ता थोडा जास्त, पण गारपिटीला मर्यादा नव्हती आणि काचाही धरलेल्या होत्या.

"संपूर्णमध्ये भोकं आहेत आणि साधीत सगळं आहे," सुल्मा टेबलावर थाप मारत म्हणाली. खजिना सापडल्यासारखे तिचे डोळे चमकत होते.

गुरुवारी तिने सही केली आणि कंपनीच्या माणसाने गाडीचे फोटो काढून नेले. दुसऱ्याच्या नुकसानीचा भाग लगेच लागू झाला. स्वतःच्या गाडीचा भाग शुक्रवारी दुपारी बारापासून लागू होणार होता.

शुक्रवारी सकाळी दोघी मैपूला जर्दाळू आणायला निघाल्या. सव्वाअकराच्या सुमाराला नैर्ऋत्येचं आभाळ जांभळं-हिरवं पडलं. ते काय आहे हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाड्या दाटीवाटीने घुसल्या होत्या, पुलाखालीही मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे एका वाइन कारखान्याची पत्र्याची शेड दिसली. दारावर भल्यामोठ्या मिशा असलेला रखवालदार उभा होता.

"आत खाजगी जागा आहे, सेन्योरा."

"फक्त बारा वाजेपर्यंत थांबू द्या."

"बाराला काय होणार आहे?"

"माझा विमा सुरू होणार आहे."

रखवालदाराला असं हसू फुटलं, की हसता हसताच त्याने दार ढकललं.

पावणेबाराला गारा सुरू झाल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा कडकडाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सुल्मा गाडीच्या टपावरून हात फिरवत होती. तेवढ्यात रखवालदाराने ओरडून बाहेर बोट दाखवलं. कालव्यापलीकडच्या बिनजाळीच्या बागेत तीन मजूर डोक्यावर प्लास्टिकचे क्रेट धरून बसले होते. एकाचा क्रेट फुटला होता.

"माझ्याकडे नुसता उघडा ट्रॅक्टर आहे," रखवालदार म्हणाला.

सुल्माने किल्ली फिरवलीसुद्धा होती. निल्दा शेजारी बसली आणि घड्याळ बघून ओरडली, "बारा वाजून तीन मिनिटं झालीत. पळव."

परवाना हातात पडून आठवडाही झाला नव्हता. पहिल्याच गारेने समोरची काच तडकली, दुसरीने आरसा नेला. सुल्मा मान बाहेर काढू शकत नव्हती, म्हणून निल्दा डावीकडे, उजवीकडे असं सांगत होती आणि मधूनमधून देवाचं नाव घेत होती. मजुरांत एक नवरा-बायको होते आणि एवारिस्तो नावाचा म्हातारा, ज्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तिघं मागे कोंबली गेली. परत शेडमध्ये आल्यावर निल्दाने आपला रुमाल म्हाताऱ्याच्या डोक्याला बांधला. मग मजुराची बायको गाडीकडे बघून हसायला लागली आणि सगळेच हसत सुटले. गाडी चेचलेल्या पातेल्यासारखी दिसत होती.

सोमवारी विमा कार्यालयातल्या तरुण कारकुनाने रखवालदाराने वेळ घालून लिहून दिलेला कागद वाचला आणि मान हलवली.

"सेन्योरा, गाडी छपराखाली होती. तुम्ही जाणूनबुजून बाहेर काढलीत. जाणूनबुजून केलेलं नुकसान आम्ही देत नाही."

निल्दाचा चेहरा पडला. सुल्माने शांतपणे चौदावं पान उघडलं.

"वाक्य पुरं वाचा. स्वल्पविरामाच्या पुढे."

कारकून वाचू लागला. "'मात्र माणुसकीच्या कर्तव्यापोटी केलेल्या कृतीला हा नियम लागू नाही.'" त्याने ते दोनदा वाचलं, पॉलिसी घेऊन आत साहेबांकडे गेला आणि बऱ्याच वेळाने शिक्का घेऊनच परतला.

"काचांसकट सगळं मंजूर," तो म्हणाला. "नऊ वर्षं इथे आहे, पण ही ओळ मी आज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली."

बाहेर आल्यावर निल्दाने विचारलं, "आणि बारा वाजलेच नसते तर?"

"तर खिशातून भरले असते. माणसं काय तिथेच ठेवणार होते?"

गाडी तीन आठवडे दुरुस्तीला जाणार होती, म्हणून दोघी बसने निघाल्या. सुल्मा बसायच्या आतच निल्दाने अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात शेजारच्या बाईला गारपिटीची हकिगत सांगायला सुरुवात केली होती, आणि तिच्या सांगण्यात गारा संत्र्याएवढ्या झाल्या होत्या.