कडूबाचं खत

कडूबाला स्वतःच्या शहाणपणाचं हसू यायचं, पण उशिरा. गावाला ते आधीच येऊन गेलेलं असायचं.

तेलंगणातल्या कोळशाच्या खाणीवर तो गाळ काढायच्या कामाला होता. पाऊस लागला की कोळशाच्या ढिगांवरून काळं पाणी धो धो सुटायचं. ते चरांनी खड्ड्यात वळवायचं, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी सांडव्यावरून ओढ्याला सोडायचं, आणि बसलेला गाळ उपसून टाकायचा. एवढंच काम. पण सुट्टीत मंठ्याजवळच्या आपल्या गावी आला की पारावर बसून सांगायचा, "पुऱ्या खाणीचं पानी माझ्या हुकमावर चालतं. मी जा म्हनलं तरच नदीत जातं." हातात फावडं असतं, हे सांगायचं तेवढं राहून जायचं.

खाण सोडून कायमचं घरी यावं, असं त्याला फार वाटे. बायको गोजरबाई एकटी शेत ओढत होती. शेत म्हणजे उतारावरचा मुरूम. "रान पिकलं तर ऱ्हावा. न्हाई पिकलं तर दोघं मिळून खायाचं काय?" हा तिचा रोकडा सवाल, आणि कडूबा दरवेळी पुन्हा खाणीची वाट धरायचा.

या उन्हाळ्यात मात्र तो उत्तर घेऊनच निजामाच्या आगगाडीतून परतूरला उतरला. उत्तर पोत्यांत भरलेलं होतं. तळ्याचा गाळ रानात टाकला की रान पिकतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाणीच्या खड्ड्यातला गाळ तर तळ्याच्या गाळाहून काळाभोर, लोण्यासारखा मऊ, आणि तिथली माणसं तो फेकून द्यायची! कडूबाला त्यांची कीव आली. मुकादमाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "ले जाव, जितना मांगता." तो का हसला, याचा विचार कडूबानं केला नाही. विचार करणं हा त्याचा धंदाच नव्हता.

गोजरबाईनं मूठभर गाळ हुंगला. "ह्याला मातीचा वास न्हाई."

"तुला काय कळतंय? मी रोज त्यातच उभा राहून राह्यलो," कडूबा म्हणाला, आणि सगळी पोती त्यानं तिच्या मिरचीच्या वाफ्यांत रिकामी केली.

मिरचीनं आठवडाभरात माना टाकल्या. ते एक वेळ झाकता आलं असतं. पण आर्द्राचा पाऊस कोसळला आणि वाफ्यातला कोळसा उतारानं थेट ओढ्यात गेला. त्याच ओढ्याच्या वाळूत गावाचे पिण्याच्या पाण्याचे झिरे. शेजारच्या सुगंधाबाईनं हंडाभर काळं पाणी आणून कडूबाच्या दारात ओतलं. "भावजी, खान तिकडं ठिवायची सोडून गावात कशाला आनली?" पोलीसपाटील रखमाजीनं तर बजावलंच, "पानी साफ कर, न्हाई तर जल्दी चालता हो तुझ्या खानीवर."

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं. उभ्या जगात त्याला एकच काम येत होतं, आणि ते करायची वेळ गावावर त्यानंच आणली होती. एवढा हुशार माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता.

त्यानं शेताच्या खालच्या अंगाला आडवा चर खणला, चराच्या तोंडाशी खड्डा घेतला, दगड रचून गवत लावलेला सांडवा बांधला. पुढचा पाऊस आला. खड्डा भरला, गढूळ पाणी थबकलं, आणि सांडव्यावरून नितळ धार ओढ्याला लागली. कडूबा भर पावसात नवरदेवासारखा ताठ उभा होता. बघायला कोणी आलं नाही, हे वाईट झालं.

उघडीप पडल्यावर तो गाळ उपसायला खड्ड्यात उतरला. काळा चिखल निघणार, अशी त्याची खात्री. कोळसा निघाला बोटभर. बाकी गुडघाभर निघाली ती माती. ओली, कसदार, घमघमणारी. चरात दुसऱ्या कुणाच्या रानाचं पाणी येत नव्हतं. म्हणजे ही त्याचीच माती, एका पावसाची. असे किती पाऊस झाले असतील, आणि त्या सगळ्या पावसांत आपण परमुलखात लोकांचा कोळसा अडवत उभे होतो! काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण ज्यानं केली त्यानं बहुतेक कडूबाला पाहिलं असावं.

गोजरबाई काठावर येऊन उभी राहिली.

"दरसाल सांगत होते, ताल घाला, रानाला आडवा बांध घाला म्हनून. तुमच्या कानात कोळसा."

"मंग इतके दिवस तू काय केलं?"

"काय करनार? खालच्या बांधाला जेवढी अडकंल तेवढी पाटीनं वर न्यायची."

कडूबाला लाज वाटली. लाज झाकायला त्यानं पाटी शिगोशीग भरली आणि ऐटीत उचलायला गेला. पाटी छातीपर्यंत आली आणि परत खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच.

"बघत काय राह्यली? उचलू लाग की," तो वैतागला.

गोजरबाईनं हात लावला, तेव्हा कुठे पाटी डोक्यावर चढली. पाटीखाली मान ताठ धरून कडूबा म्हणाला, "अगं, मंग तू एकटी कशी उचलीत होती?"

"भरलेली पाटी एकट्या मान्साला डोक्यावर घेता येत न्हाई," ती म्हणाली. "अर्धीच भरत होते."

कडूबाच्या कपाळावरून चिखलाचं पाणी डोळ्यांत उतरत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

"तुझी बी पाटी घे," एक हात मोकळा करत तो म्हणाला. "पुरी भर. हात लावायला मी हाय."