खालच्या डब्यातला ब्रेड

२०२३ सालच्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शीलाबाईंनी डाव्या हाताने परात पुढे ओढली आणि ती ओट्यावरून निसटून फरशीवर आदळली. मैदा त्यांच्या पायांवर, साडीच्या निऱ्यांवर, उजव्या हाताच्या प्लास्टरवर उडाला. परात गरगरून थांबेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

आतून रुचिता धावत आली. सर्वेशशी, म्हणजे शीलाबाईंच्या मुलाशी, तिचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. त्याचं हे दुसरं लग्न.

"आई, लागलं का?"

"नाही. तू तुझं आवर."

"काय करत होतात? हात हलवायचा नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?"

"उजवा म्हणालेत. मी डावा हलवत होते."

रुचिता हसली, पण शीलाबाई हसल्या नाहीत. त्या घड्याळाकडे बघत होत्या. त्यांची नात ऐश्वर्या साडेबाराला शाळेतून येणार होती.

"मैदा कशाला हवाय? मी करते ना, सांगा."

शीलाबाईंनी पदराने प्लास्टर पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "फ्रीझरमधला खालचा डबा काढ."

रुचिताचा हात फ्रिजच्या दारापाशी थांबला. या घरात आल्या दिवशीच सर्वेशने तिला सांगितलं होतं की बाकी सगळं तुझं, फक्त त्या डब्याला हात लावू नकोस, तो ऐशूचा आहे.

"काढ. मी सांगतेय ना."

डब्यात प्लास्टिकची एक पिशवी होती. तिच्यावर मार्करने तारीख लिहिलेली होती, ११ एप्रिल २०२१. पिशवी रिकामी होती.

ऐश्वर्याची आई कल्पिता, सर्वेशची पहिली बायको, ठाण्याला नोकरीला होती. आठवड्यातून दोनदा, ऑफिसला निघायच्या आधी, ती घाईघाईत ब्रेड करायची. तिघांचे डबे त्यावर निघायचे. शीलाबाईंनी त्या ओव्हनला कधी बोट लावलं नव्हतं. त्यांचं माहेर कोकणातलं, घावन आणि भाकरीचं. त्या अकरा एप्रिलला कल्पिताच्या अंगात ताप होता आणि ती पीठ ओट्यावर आपटत होती. शीलाबाई टेबलापाशी गवार मोडत बसल्या होत्या. "एक दिवस विकतचा आणला तर काय आभाळ कोसळेल?" एवढं म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कल्पिताला दवाखान्यात नेलं. तिथून ती परत आली नाही. ते कोरोनाचे दिवस; घरच्यांना तिचं तोंडही दिसलं नाही.

फ्रीझरमध्ये सहा स्लाइस उरल्या होत्या. सात वर्षांची ऐश्वर्या म्हणाली, "या माझ्या." ती दर शनिवारी एक खायची. पाचव्या शनिवारी तिने विचारलं, "आता एकच उरली का गं, आजी?" शीलाबाई म्हणाल्या, "छे, मागे आहेत अजून." आणि सोमवारी, सर्वेश कामावर गेल्यावर, ऐश्वर्या झोपलेली असताना, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ओव्हन लावला.

हे सगळं त्यांनी रुचिताला पाच-सहा वाक्यांत सांगितलं. गवारीचं सांगितलं नाही.

"म्हणजे सव्वादोन वर्षं तुम्ही..."

"महिन्यातून एकदोनदा. तुम्ही सगळे गेलात की. वास येऊ नये म्हणून नंतर कांदा-खोबरं भाजते."

"म्हणून आपल्याकडे एवढं वाटण! मी माहेरी, खडवलीला फोन करून सांगते, सासरी काही नसलं तरी वाटणाला तोटा नाही." रुचिता हसता हसता थांबली. "ऐशूला खरं वाटतं अजून?"

"मोजत नाही ती. सर्वेशही मोजत नाही. आज पिशवी रिकामी दिसली की मात्र..." शीलाबाईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "त्या दिवशी ती रडली नव्हती गं. कल्पिता गेली त्या दिवशी. मला भीती वाटते, ते रडणं अजून आत आहे."

रुचिताने परात उचलली. ठाण्याच्या लॅबमध्ये तिची दुपारची पाळी होती आणि बारा वाजायच्या आत तिला घर सोडायचं होतं. तिने दूध कोमट केलं, त्यात साखर आणि यीस्ट घातलं.

"आता पंधरा मिनिटं हलकं मळायचं," शीलाबाई म्हणाल्या. "मग दोन तास झाकून ठेवायचं. मी तसंच करते. कल्पिताच्या नावाचं करताना नीट केलं पाहिजे."

"दोन तास? आई, मग ऐशू कच्चं पीठच खाईल. अर्ध्या तासात फुगलं तेवढं फुगलं."

तिने पदर नव्हता तरी खोचल्यासारखं केलं, ओढणी कमरेला बांधली आणि पीठ ओट्यावर आपटलं. त्या आवाजासरशी शीलाबाईंनी डोळे मिटले. पीठ अर्धवट फुगलं तोच तिने ते कसंबसं गुंडाळून साच्यात टाकलं, एका हाताने केस विंचरले, एका हाताने लॅबमध्ये उशिरा येते म्हणून फोन केला. ओव्हनचं दार उघडायची वेळ आली तेव्हा शीलाबाई अंग चोरून भिंतीला टेकल्या, मागून कोणाला तरी वाट द्यावी तशा.

"कोण आहे?" रुचिताने वळून बघितलं.

"कोणी नाही. तू ठेव."

ब्रेड निघाला तेव्हा बारा वाजायला आले होते. वरचा पापुद्रा एका बाजूने फुगून वर आला होता. गरम असतानाच रुचिताने तो सुरीने कापला; स्लाइस वाकड्यातिकड्या निघाल्या. शीलाबाईंच्या नेहमी पट्टीने आखल्यासारख्या असत. तारखेच्या पिशवीत त्या भरून दोघींनी पिशवी फ्रीझरमध्ये ढकलली, तेव्हा ती अजून कोमट होती. कांदा भाजायलाही वेळ उरला नाही. रुचिताने खिडक्या उघडल्या.

साडेबाराला ऐश्वर्या आली. दप्तर खुर्चीवर टाकून ती थेट फ्रीझरकडे गेली. दाराशी चपला घालणारी रुचिता वाकलेलीच राहिली. शीलाबाई टेबलापाशी बसल्या होत्या. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटं ताठ झाली होती.

मुलीने स्लाइस काढली. ती कडक नव्हती. तिने ती दाबून बघितली, वास घेतला, मग खिडकीसमोर धरली. वरच्या कडेखाली एक लांबट भोक पडलं होतं, घाईत गुंडाळलेल्या पिठात राहतं तसं. ऐश्वर्याने त्यात बोट घातलं आणि पलीकडून बाहेर काढलं. ते बोट तिने हलवून बघितलं. सात वर्षांची असताना ती हेच करायची आणि कल्पिता ओरडायची, "ऐशू, खायचं असतं ते, घालायचं नसतं!"

"आजी," ती म्हणाली, "आज आईचा आहे."

मग ती तिथेच, फ्रिजला पाठ लावून खाली बसली, स्लाइस मांडीवर ठेवली आणि रडायला लागली. कितीतरी वेळ रडली. रुचिताने एक चप्पल काढली, दुसरी काढायची राहिलीच. ती तशीच जाऊन तिच्याशेजारी बसली. शीलाबाई उठल्या नाहीत. त्यांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या ब्रेडला इतक्या दिवसांत कधी एकही भोक पडलं नव्हतं, आणि ते या मुलीला त्यांच्या पहिल्या स्लाइसपासून माहीत होतं.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. सर्वेशला त्या दुपारचं कोणी काही सांगितलं नाही. त्याची बदली आता इथे, घराजवळ कल्याणलाच झाली आहे आणि तो ब्रेड कसलाही असला तरी चहात बुडवून खातो. ऐश्वर्या बाराव्या वर्षात आहे, आजीहून उंच झाली आहे. रुचिताला ती अजून मावशीच म्हणते, पण भांडते मात्र आईशी भांडावं तशी. शनिवारी दोन वाजेपर्यंत ती क्लासला असते. रुचिताने ठाण्याची लॅब सोडली नाही. शनिवारी निघण्याआधी ती आठवड्याचा ब्रेड करून ठेवते, घाईघाईत, खिडक्या उघड्या टाकून.

शीलाबाईंचं मनगट थोडं वाकडंच जुळलं. रुचिताने परात काढली की त्या काठी घेऊन खाली जातात आणि इमारतीच्या आवारातल्या बाकावर बसतात. एकदा तळमजल्यावरच्या गोदाताईंनी विचारलं, "उन्हात कशाला बसता हो, वर पंखा नाही का?"

"दोघी आहेत ओट्यापाशी," शीलाबाई म्हणाल्या. "मला जागा होत नाही."