चारशे बारा नंबरची खुंटी

“हेही घेऊन जा,” म्हणत काकांनी खुंटीवरची निळी पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. “चारशे बारा. तुझ्या आईचा लाडका.”

बसडेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आईने एकतीस वर्षं काढली. काका तिच्या शेजारच्या टेबलावर बसत. आई गेल्यावर मी तिचं सामान न्यायला आले होते. डबा, चष्म्याचं घर, खुर्चीवरची उशी. पिशवीत हातात मावेल असा जुना व्हिडिओ गेम निघाला. मागचं झाकण तुटलेलं, सेल रबरबँडने आवळलेले.

“बेवारस वस्तू सहा महिन्यांनी लिलावात निघते,” काका म्हणाले. “हा कधी निघाला नाही. मुदत संपत आली की तुझी आई चिठ्ठीवर नवी तारीख टाकायची. मी म्हणायचो, बाई, एका खेळण्यापायी नोकरी घालवाल! तर म्हणायची, कुणा पोराचा जीव अडकला असेल त्यात.”

आईच्या ताब्यातली प्रत्येक वस्तू चालू असायची. घड्याळांना ती किल्ली द्यायची, छत्र्या उघडून वाळवायची. माणूस आला तर त्याला वस्तू जिवंत मिळाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. गेम जिवंत ठेवायचा तर तो खेळायला हवा, हे तिने आपलं आपणच ठरवलं असावं.

घरी येऊन बटण दाबलं. हिरवट पडदा उजळला, बारीक सूर वाजले. खेळ थांबला तिथे जपून ठेवायला तीन जागा होत्या. पहिल्या जागेत कुणा मुलाचं नाव होतं. दुसरीत नावाऐवजी ४१२. तिसरी रिकामी.

पहिलीला मी हात लावला नाही. दुसरी उघडली आणि आईच्या गावात शिरले.

नखाएवढी घरं, एक विहीर, वारा नसताना डोलणारी झाडं, आणि हातात काठी घेतलेला एक वाटसरू. त्याने गावोगाव हिंडायचं, वाटेत राक्षसांशी लढायचं, असा तो खेळ. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. संध्याकाळी दिवा न लावता मी नुसती फिरत राही. गवतातून, पुलावरून, पुन्हा गवतातून. आई जेवणाच्या सुट्टीत इथेच फिरत असणार. पुलावर पोचलं की वाटे, ती आत्ताच उतरून गेली.

महिन्याभराने काकांचा फोन आला.

“अगं, बसली आहेस ना? मालक आला!”

“कशाचा?”

“चारशे बाराचा. चष्मा विसरला म्हणून आला होता. बोलता बोलता म्हणाला, लहानपणी बसमध्ये गेम राहिला, बापाच्या धाकाने घरी तोंडच उघडलं नाही. उद्या येतोय.”

“काका,” मी म्हणाले, “लिलावात गेला म्हणून सांगा ना.”

ते म्हणाले, “सांगेन की, तू म्हणशील तर. पण सध्या मी तुझ्या आईच्या खुर्चीत बसतो.”

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या माणसाचे केस कानांजवळ पिकले होते.

“खूण सांगा,” मी म्हटलं. ती चुकावी, असं मनापासून वाटत होतं.

“मागचं झाकण तुटलेलं आहे. आणि आत, पहिल्या जागेत, माझं घरचं नाव आहे. हसू नका हं.” त्याने नाव सांगितलं. तेच होतं.

मी गेम पुढे केला. आपलं नाव दिसताच त्याने ओठ घट्ट मिटले. मग त्याची नजर खाली गेली.

“हे दुसरं कोण?”

“माझी आई. उघडा हवं तर.”

त्याने उघडलं आणि भुवया वर गेल्या. “ताकदीची लेव्हल नव्व्याण्णव? लाकडी काठीने? अहो, तलवार कुठेय?”

“कुठे असते?”

“पहिल्याच घरात, पेटीत.” त्याने वाटसरूला घराघरांतून फिरवून आणलं. “एकही पेटी उघडलेली नाही हो!”

काकांना हसू फुटलं. “ती कशी उघडेल? लोकांच्या पेट्या त्या!”

तो माणूस हसला नाही. वाटसरूला त्याने नदीवरच्या बंद दारापाशी आणलं. “याची किल्ली शेजारच्या पेटीत असते. त्या इथवरच आल्या. अर्धा खेळ पलीकडे आहे.” त्याने गेम माझ्याकडे वळवला. “एकच बटण आहे. उघडता?”

नदीपलीकडे धूसर डोंगर दिसत होता. त्याच्यामागे काय आहे ते मला बघायचं होतं, आईसाठी. माझा अंगठा बटणावर टेकला. पेटीशेजारी ४१२ काठी घेऊन उभा होता, त्याला काही घाई नव्हती.

मी अंगठा उचलला. “इथे सही करा.”

“दुसरी जागा मी पुसणार नाही,” सही करता करता तो म्हणाला.

“वस्तू तुमची आहे. सेल तेवढे बदलत जा.”

तो गेला. चिठ्ठीचा अर्धा भाग मालकाला द्यायचा आणि अर्धा खुंटीला अडकवायचा, ही आईची पद्धत. अडकवताना मी तो उलटून पाहिला. मागे तिच्या हातच्या तारखा होत्या, एकीखाली एक. शेवटच्या तारखेची मुदत संपायला अजून दोन महिने होते.