उणे तीनचे पद

प्रबंध परत आला, त्यासोबत परीक्षकांची एकच ओळ होती: "ही राशी वर्गांची बेरीज आहे असे आपण म्हणता, ते वर्ग लिहून दाखवावेत." मुदत महिनाअखेरची. वर्ग सापडले नाहीत तर तिसरे प्रकरण, म्हणजे माझी चार वर्षे, जाणार होती.

राशी चार पदांची: क्षचा चौथा घात गुणिले यवर्ग, अधिक क्षवर्ग गुणिले यचा चौथा घात, उणे तीन क्षवर्ग यवर्ग, अधिक एक. क्ष आणि य यांच्या जागी कोणतीही संख्या घाला, उत्तर शून्याखाली जात नाही. एवढे मी एका पानात सिद्ध केले होते. वर्ग कधी ऋण नसतो. तेव्हा जे कधीच ऋण होत नाही ते आतून वर्गांचेच बनलेले असणार, असे मी धरून चालले होते. एकवीस मांडण्या केल्या. प्रत्येकीत एकच पद जुळेना: उणे तीन क्षवर्ग यवर्ग.

माझे वडील नाना, म्हणजे ढुंढिराजशास्त्री, वेदांचे घनपाठी. त्यांची दृष्टी जाऊन सात वर्षे झाली होती. कार्तिकात संध्याकाळी मी त्यांना काशीच्या पंचगंगा घाटावर नेत असे. त्या दिवशी बांबूंच्या टोकांना आकाशदिव्यांच्या टोपल्या चढत होत्या. धुरकट हवेत बांबू दिसत नव्हते, दोऱ्या दिसत नव्हत्या. दिवे आपोआप वर जात होते आणि तितकेच पाण्यात खोल उतरत होते. पायऱ्या कुठे संपतात ते कळत नव्हते.

"म्हण," नाना म्हणाले.

मी पदे म्हणू लागले. एकदा ऐकलेले त्यांच्याकडून सुटत नसे.

"तुझा परीक्षक मोठा जिद्दी दिसतो, शरदे. इथे पाच नद्या मिळतात म्हणतात, दिसते एक. उद्या विचारेल, बाकीच्या चार दाखवा."

"दाखवायला हव्यातच, नाना."

"हो का? मग रोज एकाच बाजूने का येतेस? तुझी चूक तुझ्यासोबत चालत येते. घनपाठात आम्ही दोन शब्द पुढे जातो, दोन मागे येतो, तेव्हा पाठ पक्का होतो. उलटी ये. ते अडलेले पद कुणाच्या पोटी येते?"

मी डोळे मिटले. त्या वर्गांच्या आत चारच तुकडे राहू शकत होते: क्षवर्ग य, क्ष यवर्ग, क्ष य आणि एक. पाचवा कुठलाही घेतला की त्याचा वर्ग उरे आणि त्याला खोडणारे कुणी नसे. मनातल्या अंधुक पाण्यावर चौघे एकमेकांना भेटत गेले.

"क्ष य गुणिले क्ष य," मी म्हणाले.

"आणखी?"

"आणखी..." मी पुन्हा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. "कुणीच नाही."

"एकटाच? स्वतःशीच गुणलेला?"

"हो. म्हणजे त्याचा वर्ग. म्हणजे नेहमी अधिकच."

उणे तीन तिथे येणारच नव्हते. एकविसाव्या मांडणीत नाही, एक हजाराव्या मांडणीतही नाही.

"चुकलं कुठे?" नानांनी हळूच विचारले.

"मांडणीत नाही. मीच चुकले. ती कधी ऋण होत नाही, आणि वर्गांची बेरीजही नाही."

"असंही असतं?"

"मला वाटत नव्हतं."

"लिहून टाक," नाना म्हणाले, "घरी जाईपर्यंत परत मोह होईल."

मी वही गुडघ्यावर घेतली. 'आपण मागितलेले वर्ग अस्तित्वात नाहीत. कारण पुढीलप्रमाणे.' कारण पाच ओळींत संपले. त्या ओळींसाठी तिसऱ्या प्रकरणाची त्रेचाळीस पाने काढून टाकावी लागणार होती. पण त्या पाच ओळी कुणालाही, माझ्यावर जराही विश्वास न ठेवता, तपासता आल्या असत्या.