पडद्यांची मापं आणि आगाऊ गाळणी

काहीही विचारा, जावई फक्त "होतंय" म्हणायचा, आणि सासूबाईंचं डोकं नेमकं त्यानंच फिरायचं. सकाळपासून पठ्ठ्या सासूबाईंच्या पडदे शिवायच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून होता. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरसर वर सरकत होत्या आणि हा हाताची घडी घालून बघत होता, जणू दूध तापत ठेवलंय.

काम त्यांनीच सांगितलं होतं. कारखान्याच्या मेलवर लॉटरी, टक्कल घालवायची तेलं आणि कुणाकुणाच्या बेवारस इस्टेटी यांचा इतका कचरा येई, की त्यातून गिऱ्हाइकाचं पत्र शोधता शोधता लेकीचा जीव मेटाकुटीला येई. म्हणून जावयाने कचरा अडवणारा प्रोग्राम बसवायला घेतला. पण त्या प्रोग्रामला स्वतःच्या हाताखाली छोटे छोटे प्रोग्राम लागत. त्यांना मॉड्यूल म्हणायचं.

"हे पत्र उलगडून वाचतं, हे पाठवणाऱ्याचा पत्ता तपासतं," जावई समजावत होता. "पण याला आधी ते लागतं, आणि त्याला आणखी एक."

"म्हणजे रुसलेलं वऱ्हाड," सासूबाई म्हणाल्या. "मामा आल्याशिवाय काका उठत नाही, आणि मामाला आधी आत्या हवी."

"अगदी तसंच, आई."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. जावयापुढे हसलं की तो शेफारतो, असं त्यांचं मत होतं.

दुपारी सगळं वऱ्हाड एकदाचं बसलं. मेल झाडलेल्या ओट्यासारखी लख्ख झाली. सासूबाईंनी चष्मा लावून खात्री केली आणि त्यांना बरं वाटलं. फक्त एक गोष्ट सलत होती. नव्या हॉटेलच्या खिडक्यांची मापं आज यायची होती. 'मिळाली, कापड कापायला घेतो' असं आजच कळवलं नाही, तर काम दुसरीकडे जाणार होतं. शिलाईच्या बायकांचा पुढचा सगळा हंगाम त्या कामावर होता.

लेकीने हॉटेलात फोन लावला. व्यवस्थापक म्हणाला, मापं तर केव्हाच पाठवली.

जावयाचा चेहरा उतरला. त्याने अडवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. हॉटेलचं पत्र तिथे होतं, लॉटरीच्या मांडीला मांडी लावून. शेजारी दोन जुनी गिऱ्हाइकंही बसली होती.

"आपलीच माणसं दाराबाहेर का उभी केली या प्रोग्रामने?" सासूबाईंनी विचारलं.

पत्रात नुसते आकडे होते. रुंदी, उंची, रुंदी, उंची. ना नमस्कार, ना आभार, ना कुणाची सही.

लेक तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आई, ही तुझीच शिस्त. गोडगोड लिहू नका, मापं लिहा, असं तूच सगळ्यांना दटावून ठेवलंयस. प्रोग्रामला वाटलं, माणूस काही असं लिहीत नाही."

आणि आत कोण सुखरूप पोचलं होतं? 'आदरणीय ताई, आपल्या कार्याला वंदन' म्हणत गुडघेदुखीचा पट्टा विकणारा.

"चूक माझी आहे," जावई म्हणाला. "एक मॉड्यूल गाळलं मी. आपली जुनी पत्रं वाचून आपली माणसं ओळखायला शिकतं ते. नसलं तरी चालेल, असं सूचनांत लिहिलं होतं. मला उरकायचं होतं."

सुई मोडली की सुईच्या नावाने शंख करणारी माणसं सासूबाईंनी जन्मभर पाहिली होती.

लेकीने हॉटेलला कळवलं आणि कापडाचा ताका टेबलावर पसरला. जावयाने राहिलेलं मॉड्यूल बसवलं, तशा सासूबाई खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. तो एकेक जुनं पत्र उघडी, त्या निकाल देत.

"हा आपला. हाही आपला, पण चेंगट. हा भामटा. हा कोण? हां, आडव्या पट्ट्यांचे पडदे नेणारा. आपला."

मग जावयाने आजची सगळी पत्रं पुन्हा त्या गाळणीतून सोडली. हॉटेलचं पत्र आपसूक आत आलं आणि ताईंना वंदन करणारा बाहेर गेला. मागे कात्री चालू झाली होती. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि मान वळवली.

"जावईबापू, मी तुम्हाला संथ समजत होते. तुम्ही संथ नाही, चांगले उतावळे आहात, फक्त तोंडावर दिसत नाही. पण चूक अंगावर घेता. माझ्या लेकीचं बरं चाललंय. उद्यापासून हे टपाल तुमचं, मी मध्ये बोलणार नाही. बोललेच, तर ऐकायचं."